वाणाचा खटला

नकाशावरून पाणी वाहत होतं.

उट्रेख्तमधल्या त्या काचेच्या खोलीत एक अख्खी भिंत म्हणजे जगाचा नकाशा होता आणि त्यावरून निळ्या धारा हळूहळू सरकत होत्या. ज्या देशांतून त्या निघत, ते देश म्हातारे झालेले. नेदरलँड्स, कॅनडा, जपान, कोरिया. वर्गात उभं राहून पाय झिजवलेल्या शिक्षकांचं आणि परक्यांची दुखणी काढलेल्या नर्सांचं पेन्शन तिथे साठून राहिलेलं. धारा जिथे उतरत, ते देश तरुण. हातांना काम हवं असलेले, कामाला पैसा हवा असलेले. ऋजुता आवटी त्या पाण्याकडे बघत उभी होती. माहेरचं माणूस उतरतंय का म्हणून एसटीच्या दाराकडे बघावं, तशी.

शेजारी मारिके होती. डच नर्सांच्या पेन्शनचा पैसा परदेशात कुठे लावायचा, हे ठरवणारी बाई. साठीकडे झुकलेली, उंच, बोलायला मऊ. तिने बोटांनी नकाशा ओढून मोठा केला. भारत आला, महाराष्ट्र आला, कृष्णेचं वळण आलं. पुण्यावर आणि नाशकावर निळं दाट होतं, कोल्हापुरावर फिकट. सांगली जिल्हा मात्र राखाडी होता, विझलेल्या चुलीसारखा.

"लाल नाहीये," मारिके म्हणाली. "लाल असता तर मी तुम्हाला इतक्या लांब बोलावलंच नसतं. राखाडी म्हणजे यंत्राला इथलं काही दिसत नाही. आणि जिथलं दिसत नाही, तिथे मला सही करता येत नाही. नियम माझा नाही, पण मी तो मोडणार नाही."

ऋजुताने मान डोलावली. मुंबईतल्या एका बड्या फंडातली नोकरी सोडून तिने 'कृष्णाकाठ निधी' उभा करायला घेतला होता. आपल्या नदीकाठच्या, शेअरबाजाराच्या खिजगणतीतही नसलेल्या कारखान्यांसाठी. देशातल्या चार-पाच गुंतवणूकदारांनी शब्द दिला होता, पण सगळ्यांची अट एकच: आधी एखादा परदेशी पेन्शन-निधी येऊ दे. मारिकेची सही दिवाळीच्या आत झाली नाही, तर बाकीचे एकेक करून पाठ फिरवणार होते. मग मिरजेतला कानाची यंत्रं बनवणारा कारखाना, तासगावातलं बेदाण्याचं शीतगृह, आणि सगळ्यांच्या आधी तिच्या थोरल्या बहिणीच्या घरची 'हरिद्रा' कंपनी, हे सगळे होते तिथेच राहणार होते. आणि ऋजुताला दुसऱ्यांदा कुणी दारात उभं केलं नसतं.

नकाशामागच्या यंत्राचं डच नाव कुणाच्या जिभेवर बसत नसे. आपल्याकडचे सगळे त्याला 'ओघ' म्हणत.

*

खाजगी भांडवलाचा धंदा समजायला सोपा आहे. पेन्शनवाल्यांचा, विमावाल्यांचा पैसा एका निधीत गोळा करायचा, बाजारात नोंदलेल्या नसलेल्या कंपन्यांमध्ये काही वर्षांसाठी लावायचा, आणि कंपनी वाढली की आपला हिस्सा विकून बाहेर पडायचं. अवघड प्रश्न वेगळाच आहे. हा पैसा एका देशात धो धो का येतो आणि दुसऱ्यात त्याचा थेंबही का पडत नाही?

जुन्या संशोधकांनी काही डझन देशांचे वार्षिक आकडे शेजारी शेजारी मांडून कारणं शोधली होती. देश किती वेगाने वाढतोय. घरच्या बँकेत व्याज किती मिळतं, कारण घरीच भागत असेल तर पैसा परगावी कशाला जाईल. शेअरबाजार किती खोल आहे, म्हणजे बाहेर पडायला दार आहे का. कर किती, कामगारांचे कायदे कसे. सगळी कारणं खरी होती आणि एकही पुरेसं नव्हतं. एका देशात लागू पडलेलं दुसऱ्यात पडायचं नाही. साऱ्या देशाची सरासरी काढून एका तालुक्यातल्या कारखान्याचं भविष्य सांगायचं, तर दुसरं काय होणार?

ओघने सरासरी सोडून दिली. तो खुणा वाचत असे. कंपन्यांच्या नोंदी, कोर्टाच्या तारखा, विजेचा वापर, पगार कधी झाले, भागीदार कधी बदलले. अशा कोट्यवधी बारीक खुणांवरून पैसा कुठे टिकला आणि कुठून पळाला, हे तो आपलं आपण शिकला. मग त्याच्या कर्त्यांनी त्याला उलगडून पाहिलं, की एवढ्या धाग्यांत सगळ्यात जाड धागा कोणता. देशाच्या वाढीचा नव्हता. कराचाही नव्हता. शब्द मोडल्यापासून तो सांधला जाईपर्यंत किती काळ जातो, याचा तो धागा होता. त्यांनी त्याला सांधाकाळ म्हटलं.

शब्द सगळीकडेच मोडतात. पण जिथे धाकट्या भागीदाराला थोरल्याकडून आपला हक्क लवकर पदरात पाडून घेता येतो, तिथे लांबचा पैसा न घाबरता येतो. कारण लांबून आलेला पैसा हा नेहमी धाकटाच भागीदार असतो.

आता सांधाकाळ मोजायचा कुठून? कोर्टातून. खटला कधी दाखल झाला, निकाल कधी लागला, निकालाप्रमाणे कधी वागलं गेलं. आणि सांगलीच्या हळदबाजारातल्या लोकांचे करार-मदारांचे खटले कोर्टात नव्हतेच.

*

"म्हणजे आम्ही भांडत न्हाई, म्हणून आम्हाला पैसा न्हाई?" श्रीपाल मगदूम पोटभर हसले.

ते ऋजुताच्या बहिणीचे यजमान, म्हणजे तिचे दाजी. हळदीच्या पेढीवर वाढलेले, पण शिकून रसायनात गेलेले. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्या बायकांना पूर्वीपासून ठाऊक. दाजींनी त्याच्यावरून एक पातळ पट्टी केली होती. मासळीच्या, पनीरच्या पाकिटात आतून चिकटवायची. माल नासायला लागला की त्यातून निघणाऱ्या वाफेने पिवळी पट्टी लाल होते आणि दुकानातल्या माणसाला न उघडता कळतं. दोन बंदरांनी ती मागितली होती. मागणी पुरवायला नवी यंत्रं हवी होती, आणि त्यासाठीच ऋजुताचा निधी.

बाजारात भांडणं होतच नसत असं नाही. पण ती मिटवायची रीत वेगळी होती. एखाद्याने दुसऱ्याला फसवलं तर बाजारातली वडीलधारी मंडळी दोघांना बसवत, दिवसभर ऐकून घेत, कोणी काय भरून द्यायचं ते ठरवत. मग एकच ताट मांडलं जाई. दोघांनी समोरासमोर बसून त्या एका ताटात जेवायचं. जेवण झालं की त्या भांडणाचा उच्चारसुद्धा पुन्हा कोणी करायचा नाही. सांधाकाळ म्हणाल तर फार तर आठवडा. पण त्याची खूण कुठे राहणार? ताट घासून फळीवर.

कोऱ्या जागेला ओघ शून्य मानत नसे, हे ऋजुताने समजावून सांगितलं. कोरी जागा दिसली की तो सावध होत असे, कारण बऱ्याच मुलखांत खटले नसतात ते लोक कोर्टाला घाबरतात म्हणून.

पल्लवी, म्हणजे ताई, पट्ट्यांच्या चौकटी उन्हात मांडत हे ऐकत होती. सांगलीकडच्या बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी करतो, मी जातो' असंच बोले. मुंबईत राहून ऋजुताचं ते कधीच सुटलं होतं. ऋजुताने पूर्वी एकदा, गुंतवणूकदार आत येतानाच बाहेर पडायचं दार कसा बघून ठेवतो, ते तिला सांगितलं होतं. ताईने त्यावर तिथल्या तिथे ओवी केली होती, आणि कामावरच्या बायका ती अजून म्हणत.

पैसा आला गं पाहुणा, त्याला बसाया देते पाट
त्याचं ध्यान उंबऱ्याशी, कधी परतीची वाट

"मग आता काय, त्या पाहुण्यासाठी आम्ही एकमेकांची डोकी फोडायची?" ताईने विचारलं.

ऋजुता हसली नाही. शेजारच्या एका जिल्ह्यात लोकांनी तेच करून पाहिलं होतं. मित्रामित्रांनी एकमेकांवर खोटे खटले घातले, पटापट तडजोडी केल्या. ओघने ते पकडले. निधी मागणाऱ्यांना आपल्या फोनच्या आणि पैशांच्या हालचाली तपासायची परवानगी द्यावीच लागे. कोण काय बोललं ते यंत्र ऐकत नसे, पण कोण कोणाशी किती बोललं, कोण कुणाच्या घरी गेलं, एवढं त्याला कळे. खऱ्या भांडणात माणसं एकमेकांना तोडतात. या लोकांचे फोन तर खटल्याच्या संध्याकाळीही एकाच हॉटेलात होते. तो जिल्हा राखाडीचा लाल झाला.

ताई पुन्हा चौकटी मांडायला लागली. मग दाजींनीच विषय काढला. म्हणाले, खोटा खटला मी घालू देणार नाही, पण खरा एक आहे की. तुझ्या लक्षात आहे का? वाणाचा.

*

दोन संक्रांतींपूर्वीची गोष्ट. दाजींच्या आई, आक्का, यांनी कारखान्यातल्या बायकांचं हळदीकुंकू घातलं होतं. स्वतः विधवा असून त्या पहिल्या पाटावर बसल्या आणि विधवा कामकरणींनाही कुंकू लावून ओळीने बसवलं. वाण काय द्यायचं यावर घरात आठवडाभर चर्चा चालली होती. वाट्या, डबे, कापडी पिशव्या. आक्का म्हणाल्या, यांच्या हाताने कारखाना उभा राहिला, यांना कारखान्यातलंच काहीतरी द्या. आणि दाजींनी, आईच्या शब्दाखातर, पहिल्या दिवसापासून असलेल्या प्रत्येक बाईला हरिद्राचे थोडे थोडे शेअर वाण म्हणून दिले. तिळगुळाबरोबर.

हरिद्रात ऋजुताचाही हिस्सा होता. नोकरीतली बचत तिने सुरुवातीलाच घातली होती, आणि तेव्हाच्या करारात एक कलम होतं: तिची लेखी संमती घेतल्याशिवाय नवे शेअर कुणालाही द्यायचे नाहीत. दाजींनी संमती घेतली नव्हती. फोन करून सांगितलं होतं, तेही वाण देऊन झाल्यावर. ऋजुता तेव्हा मनापासून हसली होती आणि आक्कांना म्हणाली होती, माझं वाण कुठंय.

कायद्याने बघितलं, तर थोरल्या भागीदाराने धाकट्याला दिलेला शब्द मोडला होता. ओघला हवी तशी, अगदी नेमकी गोष्ट.

"घाल खटला," दाजी म्हणाले. "मी कोर्टात खरं तेच सांगीन. तूही खरं तेच सांग. यात खोटं कुठाय?"

ताईने चौकट खाली ठेवली. म्हणाली, खोटं नाही ते कळतंय, पण मला हे आवडलेलं नाही. मग तिने विचारलं, की निकाल लागेपर्यंत बोलायचं नाही, यायचं-जायचं नाही, असंच ना? ऋजुता हो म्हणाली. नव्या जलद व्यापारी कोर्टात सगळं काही महिन्यांत उरकेल, असंही म्हणाली. ऋजुता निघताना ताईने तिच्या पिशवीत नेहमीसारखी चटणीची बरणी घातली आणि वर म्हणाली, संपली तर मागायची सोय नाही, जपून खा.

*

अबोला खोटा धरता येत नाही. धरला की तो आपला आपण खरा होत जातो.

पहिले काही दिवस ऋजुताचं बोट रोज सकाळी ताईच्या नावावर जाऊन थांबे. मग थांबेनासं झालं. वकिलांची पत्रं जात होती, उत्तरं येत होती. दाजींच्या वकिलाने एका उत्तरात लिहिलं की वादी ही आपल्या बहिणीच्या संसारावर डोळा ठेवून आहे. वकील असंच लिहितात हे तिला माहीत होतं. तरी ते वाक्य रात्री उशीखाली घेऊन झोपल्यासारखं टोचत राहिलं. दाजींनी ते वाचून सही केली होती का, एवढंच तिला विचारायचं होतं, आणि विचारायला तोंड नव्हतं.

श्रावणात आक्का गेल्या.

बातमी तिला मिरजेच्या कारखानदाराकडून कळली. कॉलेजची सगळी वर्षं ऋजुता ताईच्या घरी राहून शिकली होती. परीक्षेच्या दिवसांत आक्का तिच्या खोलीबाहेर चटई टाकून बसत, कोणी दार वाजवू नये म्हणून. तिने बॅग भरली. मग वकिलाला फोन केला. तो म्हणाला, साक्षी तोंडावर आल्यात, तुमचा फोन त्या घरात दिसला तर सगळं पाण्यात जाईल. ती म्हणाली, फोन इथे ठेवून जाते. तो म्हणाला, फोन ठेवून माणूस कुठे जातं, हेही त्याला कळतं. आणि मॅडम, तुम्ही एकट्या नाही आहात, मागे तीन कारखाने आहेत.

ती गेली नाही. भरलेली बॅग कित्येक दिवस दाराशी तशीच होती.

कोर्टात दाजी पांढऱ्या सदऱ्यात आले. वाळले होते. तिच्या वकिलाने विचारलं, लेखी संमती घेतली होती का. नाही, ते म्हणाले. का नाही? घरचीच होती, विचारायचं सुचलं नाही. असा प्रसंग पुन्हा आला तर?

दाजींनी पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. तिला वाटलं, हा आमचा ठरलेला खेळ आहे एवढी एक ओळख त्यांच्या डोळ्यांत कुठेतरी असेल. ती नव्हती.

"आता सगळ्यांकडून लिहून घेईन," ते म्हणाले.

ती खटला जिंकली. करार मोडून दिलेले शेअर रद्द ठरले. ते दोन महिन्यांत परत घ्यायचे, असा आदेश झाला. संध्याकाळी मारिकेचा फोन आला. तिच्या आवाजात खरा आनंद होता. कृष्णेच्या वळणावर निळी रेघ उमटली आहे, ती म्हणाली, अगदी बारीक, पण उमटली. आदेशाप्रमाणे शेअर परत आले की सांधा पूर्ण झाला असं यंत्र धरेल आणि मी सही करीन.

*

ऋजुता सांगलीला निघाली तेव्हा तिच्या मनात सगळं नीट जुळवलेलं होतं. बायकांना एकत्र बसवायचं, समजावून सांगायचं. शेअर आत्ता परत द्या, निधी येऊ दे, यंत्रं लागू देत. मग मी लेखी संमती देईन आणि पुन्हा तुमचे तुम्हाला. काही महिन्यांचा तर प्रश्न होता.

ताईच्या घराचं फाटक उघडंच होतं. ताई व्हरांड्यात चष्मा लावून बसली होती, आणि तिच्या भोवती कारखान्यातल्या सात-आठ बायका. ऋजुताला बघून त्या गप्प झाल्या. एकीने सरकून जागा केली, पण बस म्हणाली नाही.

ऋजुताने जुळवून आणलेलं सगळं सांगितलं. ताईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं सांगून?" ती म्हणाली. "आता माझं ऐक. आम्ही शेअर परत देत न्हाई. आम्ही खटला घालतोय. हरिद्रावर, तुझ्या दाजींवर आणि तुझ्यावर. पहिलं नाव माझं आहे. आक्कांनी मलाही त्याच ओळीत बसवलं होतं."

ऋजुताला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिने दाजींकडे बघितलं. ते आतल्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, मला काल सांगितलं हिने. मी काही बोललो नाही. बोलायचा हक्क मला आहे असं वाटेना.

मग ऋजुता बोलत सुटली. कामगारांचा खटला चालू आहे म्हटल्यावर यंत्र काय करेल, बाकीचे गुंतवणूकदार काय करतील, बंदरांची मागणी कशी हातची जाईल. दाजींनी मध्येच हळूच सुचवलं, की वडीलधाऱ्यांना बोलावून बसूया का, ताट मांडूया, कोर्टात कशाला.

ताईने चष्मा काढला.

"त्या ताटावर आजवर आमच्यातलं कोण बसलंय?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही भांडलात, तुम्ही जेवलात. सैपाक आम्ही केला, ताट आम्ही घासलं. ह्या सुमनच्या हातावर ॲसिड सांडलं तेव्हा तिला तुमच्या आधीच्या मुकादमानं काय शब्द दिला होता, आणि कुठं गेला तो? ह्या शालनला पक्की करतो म्हणून किती पावसाळे फिरवली? ऋजू, तुझं यंत्र म्हणालं ना, इथलं काही दिसत न्हाई? बरोबर बोललं ते. तुम्हाला वाटलं, इथं कुणाचा शब्द मोडतच न्हाई."

सुमन पदराखालचा हात बाहेर काढता काढता पुन्हा आत घेऊन बसली. ऋजुता ते बघत राहिली. उट्रेख्तमध्ये ती मोठ्या अभिमानाने म्हणाली होती, आमच्याकडे खटले नाहीत कारण आमच्याकडे विश्वास आहे. यंत्राने तरीही जिल्हा राखाडीच ठेवला होता. तेव्हा तिला तो यंत्राचा अडाणीपणा वाटला होता.

बायका उठल्या. वकिलीण उद्या येणार होती, कागद तयार होते. जाताना शालनने दारात थांबून विचारलं, की खटला घातला तर कामावरून काढाल का. दाजी म्हणाले, नाही. शालन म्हणाली, लिहून द्याल का. दाजींनी मान खाली घातली आणि हो म्हणाले.

*

ऋजुताने फाटकाबाहेर येऊन ते आपल्या वकिलाला फोनवर सांगितलं. तो आधी हादरला, मग धंद्याच्या आवाजात बोलू लागला. म्हणाला, असू दे, यातूनही मार्ग आहे. खटला खरा आहे ना? मग तो खरा दिसू दे. निळी रेघ थोडी फिकी पडेल, पण जाणार नाही. फक्त तुम्ही तिथून लगेच निघा. हॉटेलात उतरा, नाहीतर परत या. प्रतिवादी वादीच्या घरी राहतोय असं ओघला दिसलं, तर तो हा खटला संगनमताचा धरेल. आणि हा धरला की मागचाही उकरून बघेल.

ती फोन हातात घेऊन उभी राहिली. पलीकडच्या आवारात उन्हात चौकटी मांडलेल्या होत्या, पिवळ्याधमक. वाऱ्यावर त्यांचा कडसर वास येत होता. गाडी फाटकाशीच होती आणि बॅग गाडीत.

ताई बाहेर आली. तिने गाडीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"आक्का गेल्या तेव्हा आली न्हाईस," ती म्हणाली.

"नाही आले."

"मी वाट बघितली. मला माहीत होतं तू येणार न्हाईस, तरी बघितली. दर गाडीच्या आवाजाला उठून येत होतो मी. लोक म्हणाले, पल्लवी वेडी झाली." तिने हात फाटकावर ठेवला. "आता जाणार असशील तर जा. कोर्टात भेटूच. पण राहणार असशील तर हातपाय धू आणि आत ये. आक्कांसाठी रडायचं राहिलंय तुझं. माझंही राहिलंय, तुझ्याबरोबरचं."

ऋजुताने गाडीतून बॅग काढली. फोन खिशात तसाच राहू दिला, चालू.

आत गेल्यावर कुणी खटल्याचं नाव काढलं नाही. दोघी बहिणी आक्कांच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या, आणि रडणं आलं तेव्हा ते कुणाचं आधी सुरू झालं ते कळलं नाही. दाजी बाहेर पायरीवर बसून होते. थोड्या वेळाने तेही आत आले. वकिलाच्या उत्तरातलं ते वाक्य मी वाचलं होतं, म्हणाले, आणि सही केली होती. तू आली नाहीस त्या रागाने नाही, त्याच्या आधीच केली होती. हे तुला माहीत असावं. ऋजुताने ऐकून घेतलं. सोडून दिलं असं ती म्हणाली नाही, कारण अजून सुटलं नव्हतं.

*

खटला दाखल झाला त्या आठवड्यात ती तिथेच राहिली. दिवसा वकिलिणीने पाठवलेल्या नोटिशीला उत्तर लिही आणि संध्याकाळी ताईबरोबर भाजी निवड, असं चाललं होतं. एकदा तर उत्तर लिहिताना तिला शेअर दिल्याची तारीख आठवेना, ती ताईनेच स्वयंपाकघरातून सांगितली आणि वर म्हणाली, नीट लिही, नाहीतर आमची वकिलीण तुला फाडून खाईल.

मारिकेचा फोन दुपारी आला. ऋजुता परसदारी जाऊन बसली.

मारिके गोंधळली होती. नकाशावर काहीतरी विचित्र झालंय, ती म्हणाली. पहिला खटला अगदी खरा, असं यंत्र अजूनही सांगतंय. दुसरा मात्र संगनमताचा. तुम्ही वादीच्या घरी राहताय, रोज जेवताय. रेघ गेली. पुन्हा राखाडी. काहीतरी चूक आहे का? तुम्ही मला एवढंच सांगा की तुम्ही तिथे नाही आहात, मी दुरुस्तीची विनंती घालते.

मारिकेने एक दार किलकिलं करून धरलं होतं. ऋजुताला ते दिसलं. तीन कारखाने दिसले, मुंबईत सोडलेली खुर्ची दिसली. परसातल्या नळाखाली ताई पातेलं घासत होती.

"मी इथेच आहे," ती म्हणाली. "आणि पहिला खटला आम्ही ठरवून घातला होता. त्यातली साक्ष खरी होती, भांडण खोटं होतं. आता घातलाय तो खरा आहे. तुमच्या यंत्राला उलटं दिसतंय."

मारिकेने ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग मारिके म्हणाली, तुम्हाला कळतंय ना, हे ऐकल्यावर मला सही करता येणार नाही. या दिवाळीला नाही. कदाचित कधीच नाही. ऋजुता म्हणाली, कळतंय. ती रागावेल असं ऋजुताला वाटलं होतं, पण मारिके पुढे बोलली ती कार्यालयातल्या बाईसारखी नव्हती. म्हणाली, माझी आई नर्स होती. तिच्या इस्पितळाने रात्रपाळीचा भत्ता कबूल करूनही दिला नव्हता. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी खटला घातला. मेट्रनवर. ती आमच्या शेजारीच राहायची, आणि आई रोज तिच्याकडे कॉफीला जायची. मला कधी त्यात विचित्र वाटलंच नव्हतं. मग तिने विचारलं, तुम्ही त्यांच्या घरी का राहता, हे मी अहवालात काय लिहू?

"बहीण आहे माझी," ऋजुता म्हणाली.

"एवढंच लिहू?"

नळ बंद झाला. पातेलं पालथं घालून ताई पदराला हात पुसत जवळ आली. कोण गं, तिने खुणेने विचारलं. ऋजुताने सांगितलं. पैसे देणारी? देणार होती, ऋजुता म्हणाली.

"तिला सांग," ताई म्हणाली, "आम्ही माघार घेणार न्हाई म्हणावं. शेवटपर्यंत लढणार. आणि जिंकणार."

ऋजुताने ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. प्रतिवादी म्हणून तिला ते सांगायला थोडं जड गेलं. पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला, आणि मग मारिकेने विचारलं, की अहवालात तुमच्या बहिणीचं पूर्ण नाव कसं लिहायचं.